पट्टीवर पुढचं एकच काम

माझ्या कामाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि त्यावर ‘आयथ्री’ हा विंडो मॅनेजर. मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम दिसायला अगदी कोरडा. चित्रं नाहीत, आयकॉन नाहीत. नुसत्या खिडक्या आणि खाली एक बारीक पट्टी. पण त्या पट्टीचा एक गुण मोठा आहे. कुठल्याही प्रोग्रॅमने तिला जेसन स्वरूपात मजकूर पुरवला की ती तो मुकाट्याने दाखवते. कोणी तिथे बॅटरी दाखवतं, कोणी पावसाचा अंदाज. मी कॅलेंडरमधलं पुढचं काम आणून बसवलं आहे. अशी स्क्रिप्ट लिहायला एखादी संध्याकाळ पुरते. पण ती रोज उपयोगी पडावी म्हणून तिच्यातून काय काय काढून टाकायचं, हे वापरता वापरताच कळतं. ते कळलेलं इथे मांडतो.

१. पट्टी म्हणजे कॅलेंडर नव्हे

आठवड्याचा पसारा बघायचा असेल तर सरळ कॅलेंडर उघडावं. पट्टीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: पुढचं काय आणि त्याला किती वेळ आहे? दिवसात सहा कामं असली तरी पट्टीवर एकच.

झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातले मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये ‘शांत तंत्रज्ञान’ या कल्पनेवर लिहिलं होतं. त्यात नताली जेरेमिजेन्को या कलाकर्तीच्या एका रचनेचं वर्णन आहे. छतातल्या छोट्या मोटरला प्लास्टिकची आठ फुटी दोरी टांगलेली आणि मोटर ऑफिसच्या नेटवर्कच्या केबलला जोडलेली. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगरायची. शांतता असली की अधूनमधून जराशी हलायची. टक लावून न बघताही नेटवर्कचा अंदाज यायचा. पट्टीचं काम तसंच, नजरेच्या कडेचं. तिथे यादी टाकली की ती वाचावी लागते, आणि वाचायला लागलं की हातातलं काम सुटतं.

म्हणून माझ्या पट्टीवर पुढच्या काही तासांतलंच काम दिसतं. परवाची मीटिंग आज सकाळी मला माहीत असून उपयोग नाही. तिच्यासाठी मी आत्ता काहीच करणार नसतो.

२. वेळ नको, उरलेला वेळ दाखवा

‘४:३० आढावा बैठक’ असं लिहिलं की घड्याळाकडे बघून मनात वजाबाकी करावी लागते. ‘आढावा बैठक, ४० मि.’ हे थेट पोचतं. चहा घ्यायला वेळ आहे की नाही, एवढंच तर आपल्याला हवं असतं.

मात्र उलटी मोजणी सरसकट लावू नये. ‘१९३ मि.’ हा आकडा कोणालाच काही सांगत नाही. दोन तासांच्या पलीकडचं काम असेल तर घड्याळाची वेळच बरी. दोन तासांच्या आत आल्यावर आकडा पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी उतरू द्यावा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतच मिनिटामिनिटाने. सेकंद तर दाखवूच नयेत. सतत हलणारा आकडा डोळ्याला ओढत राहतो.

आणखी एक बारकावा. एक मीटिंग चालू असताना पट्टीवर काय दिसावं? चालू मीटिंगचं नाव दाखवण्यात अर्थ नाही, आपण तिच्यातच बसलेलो असतो. ती संपायला किती वेळ आहे हे दाखवावं, आणि पुढचं काम दहा मिनिटांवर आलं की जागा त्याला द्यावी.

३. आणणं वेगळं, दाखवणं वेगळं

पट्टीची स्क्रिप्ट दर मिनिटाला चालते. तिने दर वेळी इंटरनेटवरच्या कॅलेंडरला विचारायला जाऊ नये. नेट मंद असलं की पट्टीवरची ती जागा अडकून बसते.

कॅलेंडर सर्व्हरशी बोलण्याची प्रमाण पद्धत म्हणजे ‘कॅलडॅव’. ती २००७ मध्ये ठरली. ‘व्हीडिरसिंकर’ नावाचं साधन या पद्धतीने सर्व्हरवरची कॅलेंडरं आपल्या डिस्कवर उतरवतं, प्रत्येक काम एका स्वतंत्र फाइलमध्ये. ते मी सिस्टमडीच्या टायमरवर टाकलं आहे. दर पाव तासाने चालतं. उतरवलेल्या फाइली ‘खाल’ हा टर्मिनलमधला प्रोग्रॅम वाचतो आणि आजची कामं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून ठेवतो. पट्टी फक्त ही शेवटची फाइल बघते. खंडाळ्याच्या बोगद्यांत नेट गेलं तरी तिचं काही अडत नाही.

ही फाइल लिहिताना एक पथ्य पाळावं: आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग तिचं नाव बदलावं. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे पट्टीच्या हाती अर्धवट लिहिलेली फाइल कधीच पडत नाही.

४. ‘काम नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे वेगळं दिसलं पाहिजे

या सगळ्या यादीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पट्टी रिकामी आहे, याचे दोन अर्थ होऊ शकतात. दुपार खरंच मोकळी असेल, किंवा सर्व्हरचा पासवर्ड बदलल्यामुळे कालपासून सिंकच झालं नसेल. दोन्ही वेळा पट्टी सारखीच दिसत असेल, तर रिकाम्या पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. मग माणूस खात्रीसाठी कॅलेंडर उघडून बघतो, म्हणजे पट्टी असून नसल्यासारखीच.

शिळ्या माहितीचा धोका असा की ती ताज्या माहितीसारखीच दिसते. म्हणून स्क्रिप्टने आधी फाइल शेवटची कधी बदलली ते तपासावं. ती तासाभराहून जुनी असेल तर कामाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावं. फाइलच नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह. खरोखर काम नसेल तेव्हा एक छोटा ठिपका. ठिपका म्हणजे ‘बघितलं, काही नाही’. अशा तीन खुणा पुरतात.

५. आयकॅलची फाइल हाताने फोडायला जाऊ नका

कॅलेंडरची फाइल उघडली की ती फसवी सोपी दिसते. ओळीला एक नाव, कोलन, पुढे मजकूर. आजची तारीख शोधायला ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी कमांड पुरेल असं वाटतं.

हे आयकॅलेंडर स्वरूप १९९८ मध्ये इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत आरएफसी २४४५ म्हणून आलं आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. दर सोमवारची मीटिंग त्यात दर सोमवारी लिहिलेली नसते. ती एकदाच असते, सुरुवातीच्या तारखेसह, कदाचित दोन वर्षांपूर्वीच्या. आणि सोबत ‘आरआरयूल’ हा पुनरावृत्तीचा नियम. दिवाळीच्या आठवड्यात ती रद्द केली तर तो दिवस ‘एक्सडेट’ म्हणून वगळला जातो. एखाद्या सोमवारची पुढे ढकलली तर तिच्यासाठी ‘रिकरन्स आयडी’ लावलेली वेगळी नोंद होते. आजची तारीख फाइलभर शोधली तर आजचीच मीटिंग सापडणार नाही.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ आहे. या स्वरूपात ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी असं सांगितलेलं आहे. लांब मजकूर मोडून पुढच्या ओळीवर न्यायचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षर, काना, वेलांटी प्रत्येकी तीन बाइट खातात. ‘समरी’ या इंग्रजी शीर्षकाचे कोलनसकट आठ बाइट गेले की उरतात ६७, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं आणि वर एक बाइट. ‘सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा’ तेवढ्यात मावत नाही. बाइट मोजून ओळ मोडणारे प्रोग्रॅम अक्षराच्या ऐन मध्यावरही मोडतात. ओळी आधी जोडायच्या आणि मगच अक्षरं वाचायची, हा क्रम चुकला की नावाच्या जागी चौकोन उमटतात.

हे सगळं ‘खाल’सारखी साधनं किंवा पायथनच्या तयार लायब्ररी आधीच सोडवून बसल्या आहेत. आपल्या स्क्रिप्टने त्यांच्याकडून उलगडलेली यादी घ्यावी.

६. साडेपाचचं भूत

पहाटे साडेपाचला ‘मावशीचा वाढदिवस’ असं पट्टीवर उमटलं, तर त्यामागे आपला टाइमझोन असतो. दिवसभराच्या नोंदीला वेळ नसते, नुसती तारीख असते. तिला जबरदस्तीने वेळ चिकटवणारी स्क्रिप्ट युटीसीची मध्यरात्र धरते, आणि युटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.

शिवाय अशा नोंदीची शेवटची तारीख मोजायची नसते. १५ ऑगस्टच्या सुट्टीची अखेर फाइलमध्ये १६ ऑगस्ट लिहिलेली असते. हे माहीत नसलेली स्क्रिप्ट १६ तारखेलाही सुट्टी दाखवते.

दिवसभराच्या नोंदींना उलट्या मोजणीत घेऊच नये. मी त्या सकाळच्या पहिल्या तासात दाखवतो आणि मग बाजूला करतो. वाढदिवसाचा फोन सकाळी आठवला म्हणजे झालं. दिवसभर त्याची पाटी कशाला?

७. त्यांचं घड्याळ सरकतं, आपलं नाही

पुण्यात बसून लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांचा मार्च महिना गमतीचा असतो. समजा, लंडनच्या दुपारी एकची एक साप्ताहिक मीटिंग आहे आणि न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची दुसरी, दोन्ही तासाभराच्या. हिवाळ्यात आपल्याकडे पहिली साडेसहाला आणि दुसरी साडेसातला येते. एकीतून उठून दुसरीत. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं, ब्रिटनचं शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्कची मीटिंग साडेसहाला सरकते आणि लंडनची साडेसहालाच राहते. दोन्ही एकमेकींवर आदळतात. मग ब्रिटनचं घड्याळ बदललं की लंडनची साडेपाचला जाते आणि पुन्हा सगळं सुरळीत.

लंडनवाल्यांनी किंवा न्यूयॉर्कवाल्यांनी आपली वेळ बदललेलीच नसते, त्यामुळे ही टक्कर त्यांच्या लक्षात येत नाही. ती आपल्यालाच दिसते, आणि पट्टीने ती दाखवायलाच हवी. एकच काम दाखवायचं या नियमाला मी एवढा एकच अपवाद ठेवला आहे: त्याच वेळी दुसरं काम असेल तर नावाच्या शेवटी ‘+१’.

यासाठी स्क्रिप्टमध्ये कुठेही हाताने साडेपाच तास मिळवू नयेत. नोंदीत ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ किंवा ‘एशिया/कोलकाता’ असं टाइमझोनचं नाव असतं. ते नाव तारखेसह लायब्ररीच्या हवाली करावं. तुलना करताना दोन्ही वेळा १९७० पासूनच्या सेकंदांत आणाव्यात. जुन्या फाइलींत ‘एशिया/कलकत्ता’ भेटतं आणि काही ऑफिसांकडून येणाऱ्या आमंत्रणांत ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’. तिन्हींचा अर्थ एकच.

८. नाव छाटताना जोडाक्षर मोडू नका

पट्टीवर जागा कमी, त्यामुळे लांब नाव छाटावं लागतं. ग्नूची ‘कट’ ही कमांड अक्षरं मागितली तरी वर्षानुवर्षं बाइटच मोजत आली आहे. देवनागरीत तिने तीनातला एक बाइट कापला की कचरा उरतो. बॅश बाइट मोजत नाही, पण युनिकोडची चिन्हं मोजतं. ‘सत्र’ या शब्दात स, त, हलन्त आणि र अशी चार चिन्हं आहेत. तिसऱ्यानंतर कापलं की ‘सत्’ एवढंच राहतं. क्रोनमधून चालवलं तर तिथे लोकेल ठरवलेलं नसल्यामुळे तीच स्क्रिप्ट वेगळं छाटू शकते. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये काही भारतीय लिप्यांसाठी २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. सगळी साधनं तिथवर पोचलेली असतील यावर विसंबू नये.

सोपा उपाय: अक्षरावर छाटूच नका, शब्दावर छाटा. मराठीत हे विशेष जमून येतं, कारण क्रियापद शेवटी असतं. ‘लाइट बिल भरणे’मधलं ‘भरणे’ गेलं तरी काही बिघडत नाही. नोंद करतानाच कळीचा शब्द पुढे घेतला, ‘आई, डोळ्यांचे डॉक्टर’ असा, की छाटणीची भीतीच उरत नाही.

दिसण्याचाही प्रश्न आहे. आयथ्रीची पट्टी किंवा वेलँडवरची ‘वेबार’ पँगो ही लायब्ररी वापरतात, आणि ती अक्षरजुळणी नीट करते. ‘डीडब्ल्यूएम’सारखे अगदी हलके विंडो मॅनेजर तेवढी जुळणी करत नाहीत, तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. अशा ठिकाणी कामांची नावं रोमन लिपीत ठेवणं हाच व्यवहार. पँगोची खूणपद्धत चालू असेल तर नावातलं ‘अँड’चं इंग्रजी चिन्ह आधी निष्प्रभ करावं, नाहीतर तेवढ्या एका चिन्हापायी ओळ बिघडते.

९. पट्टी सगळ्यांना दिसते

स्क्रीन शेअर करताना आपण खिडकी निवडतो असं वाटतं, पण बऱ्याचदा पूर्ण स्क्रीन गेलेला असतो. प्रेझेंटेशनच्या खाली ‘समुपदेशक, २५ मि.’ असं झळकणं कोणालाच नको असतं. घरच्या कामांचं कॅलेंडर वेगळं ठेवावं आणि पट्टीवर त्यातल्या नोंदी नुसत्या ‘खासगी’ म्हणून दाखवाव्यात. उरलेला वेळ मात्र दिसू द्यावा. आयकॅलेंडरमध्ये नोंदीवर ‘प्रायव्हेट’ अशी खूण करायची सोयही आहे. याशिवाय पट्टी झाकणारं एक बटण कीबोर्डवर असावं.

खासगी गोष्टी बाहेर पडण्याची दुसरी जागा म्हणजे कॅलेंडरचा गुप्त पत्ता. गूगल कॅलेंडर असा एक पत्ता देतं. तो ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्डशिवाय आपलं कॅलेंडर वाचता येतं. हौशी लोक आपल्या सेटिंगच्या फाइली गिटहबवर सगळ्यांसाठी ठेवतात, आणि हा पत्ता स्क्रिप्टमध्येच लिहिलेला असेल तर तोही त्यांच्याबरोबर जातो. पत्ता आणि पासवर्ड वेगळ्या, फक्त आपल्यालाच वाचता येणाऱ्या फाइलमध्ये हवेत.

१०. संकष्टीला नियम नाही

दर महिन्याची संकष्टी पट्टीवर यावी अशी घरून फर्माइश आली, की आरआरयूल हात टेकतो. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ त्याला कळतो, ‘वद्य चतुर्थी’ कळत नाही. २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने ग्रेगोरियन सोडून इतर कालगणनांसाठी दार उघडलं. त्यात चिनी, हिब्रू आणि इथियोपियन कालगणनेची उदाहरणं आहेत. पण संकष्टीचा दिवस तिथी आणि चंद्रोदय बघून ठरतो, आणि चंद्रोदयाची वेळ गावानुसार बदलते. असा दिवस पुनरावृत्तीच्या नियमात बसत नाही. पंचांग समोर ठेवून वर्षभराच्या तारखा एकदाच स्वतंत्र नोंदी म्हणून भराव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यासाठी तिथी काढणारा प्रोग्रॅम लिहायच्या मोहात पडू नये.

११. लाल रंग राखून ठेवा

आयथ्रीच्या पट्टीला स्क्रिप्टांचा मजकूर पुरवणाऱ्या ‘आयथ्रीब्लॉक्स’मध्ये स्क्रिप्टने ३३ हा आकडा परत दिला की तो तुकडा तातडीचा म्हणून रंगतो. ही सोय शेवटच्या पाच मिनिटांसाठीच वापरावी. अर्धा तास आधीपासून लाल, पंधरा मिनिटांवर केशरी असं केलं की थोड्याच दिवसांत लाल रंग दिसेनासा होतो.

करायच्या कामांचंही तसंच. मीटिंगची वेळ टळली की मीटिंग संपते, पण भरायचं राहिलेलं बिल दुसऱ्या दिवशीही राहिलेलंच असतं. आयकॅलेंडर या दोहोंना वेगळ्या जाती मानतं. मुदत गेलेली कामं पट्टीवर लाल ठेवली तर पट्टी कायमच लाल राहते. माझ्याकडे ती फक्त आकड्याने दिसतात, आणि क्लिक केलं की यादी उघडते.

१२. गाभा पट्टीपासून सुटा ठेवा

‘पुढचं काय’ हे ठरवणारी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालवली तर तिने एक साधी ओळ छापावी. रंग, जेसन, क्लिक हे सगळं तिच्यावरच्या पातळ आवरणात. असं केलं की आयथ्री सोडून ‘स्वे’ या दुसऱ्या विंडो मॅनेजरवर किंवा वेबारवर गेलं तरी आवरण तेवढं बदलावं लागतं. तपासणीही सोपी होते: ‘आत्ता’ची वेळ बाहेरून देता आली की मार्चमधला तो रविवार, ३१ डिसेंबरची रात्र, दिवसभराची नोंद, एकावर एक आलेल्या मीटिंगा, सगळं पाच मिनिटांत चालवून बघता येतं.

हे सगळं बसवून झाल्यावर आठवडाभर कोडला हात लावू नका. जवळ एक कागद ठेवा. पट्टीकडे बघून काही केलंत, उठलात, फोन लावलात, काम आवरतं घेतलंत, की त्या वेळी पट्टीवर काय होतं ते टिपा. आठवड्याच्या शेवटी जे कागदावर एकदाही आलं नाही, ते पट्टीवरून काढून टाका.